वजनकाट्यावरचं तळं

शनिवारी रात्री बदलापूरच्या खरवईतल्या एखाद्या घरातून शेंगदाण्याच्या पेंडीचा खमंग वास सुटला की ओळखायचं, उद्या या घरातलं कुणीतरी पहाटेची लोकल धरणार. पेंड मंद आचेवर भाजायची, भाताचा कोंडा वेगळा परतायचा, मेथी, ओवा, बडीशेप कुटून त्यात घालायची आणि पाण्याचे हबके देत असं मळायचं की मुठीत गोळा धरला जावा, पण पाण्यात पडल्यावर थोड्या वेळात सुटत जावा. हाताला साबणाचा वास असता कामा नये, तंबाखूचा तर नाहीच. कुणी त्यात शिळा ब्रेड चुरतो, कुणी चीज किसतो, कुणी झाडावरच्या तांबड्या मुंग्यांची अंडी मिळवून आणतो. शेवटचा पदार्थ काय घातला, हे सख्ख्या मित्रालाही कुणी सांगत नाही.

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरात गळ टाकणारी माणसं पुष्कळ आहेत. एमआयडीसीत पाळी करणारे आहेत, रिक्षा चालवणारे आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत, आणि मामाच्या जुन्या काठीवर शिकलेली कॉलेजातली मुलंही आहेत. त्यांच्या हाताशी पाणीही भरपूर आहे. पश्चिमेला उल्हास नदी आणि तिच्यावरचा बॅरेज बंधारा, त्याच बाजूला पुढे बारवी धरण, पूर्वेला कोंडेश्वरच्या वाटेवर भोजचं धरण, अंबरनाथकडे चिखलोली. तरीही गळाच्या खेळाला नियम, वजनकाटा आणि संस्थेची शिस्त कुठे मिळाली, हे पाहायचं तर ठाण्याला गाडी बदलून कांजूरमार्गला उतरावं लागतं आणि पवईचा तलाव गाठावा लागतो.

पवई तलाव 1891 चा. मुंबईच्या वाढत्या तहानेसाठी मिठी नदीच्या एका उपनदीवर बंधारे घालून तो तयार केला गेला. त्याचं पाणी पिण्यालायक ठरलं नाही आणि शहराने पाण्यासाठी दुसरीकडे पाहिलं. पिण्याच्या कामी न आलेल्या या पाण्यावर पुढे मासेमारीचा छंद रुजला. 1955 साली स्थापन झालेली महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन ही संस्था याच काठावरची. तिचे सभासद इथे गळ टाकतात आणि संस्था तलावात माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडते. काढणाऱ्यानेच भरायचं, हा तिथला साधा व्यवहार. माझ्या मते या छंदातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच आहे.

गळाच्या स्पर्धेची रीत जगभर साधारण एकच आहे. उजाडायच्या आत सगळे काठावर जमतात. जागा आवडीने मिळत नाही, चिठ्ठी टाकून मिळते, कारण तलावात सगळीकडे पाणी सारखं नसतं. एका चिठ्ठीत झाडाच्या सावलीतला खोल डोह निघतो, दुसरीत उथळ, जलपर्णीने वेढलेला कोपरा. चिठ्ठी उघडताना भल्याभल्यांचे चेहरे उतरतात, पण जाणकार गळकरी त्याच क्षणी वाऱ्याकडे बघतो. वारा ज्या काठावर लाटा ढकलतो तिकडे पाण्यावरचं अन्न सरकतं आणि अन्नामागे मासा सरकतो. वाईट चिठ्ठीची कित्येकदा दुपारी वारा फिरल्यावर चांगली चिठ्ठी होते.

जागेवर पोचल्यावर पहिलं काम खोली मापण्याचं. तंगुसाला शिसं बांधून ते तळाशी सोडायचं, फ्लोट वरखाली सरकवत नेमकी उंची धरायची. मग चारा. शिट्टी होण्याआधी गळ पाण्यात जाता कामा नये, आणि शिट्टी झाली की जो तो आपापल्या ठिकाणी चाऱ्याचे गोळे टाकू लागतो. पुन्हा पुन्हा त्याच जागी, वीतभरही इकडेतिकडे नाही. नवखा माणूस चारा पसरतो आणि मासाही पसरतो. मुरलेला माणूस समोरच्या काठावरची एखादी खूण धरतो, झाड म्हणा, दिव्याचा खांब म्हणा, आणि दिवसभर त्याच रेषेत फेकतो. लोखंडी स्प्रिंगवर चारा दाबून बसवायचा, त्याच्याभोवती बारीक दोऱ्यांना गळ लटकवायचे आणि ते सगळं तळाला निजवायचं, ही आपल्याकडची लाडकी पद्धत. मासा चारा चोखायला येतो, चुऱ्याबरोबर गळही तोंडात ओढतो.

आता इथे माशाची ओळख हवी, कारण स्पर्धा त्याच्या तोंडावर ठरते. अक्षरशः तोंडावर. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, खालचा जबडा पुढे आलेला, म्हणून तो पाण्याच्या वरच्या थरातलं सूक्ष्म अन्न गाळून खातो. रोहूचे ओठ झालरीसारखे दुमडलेले, तो मधल्या थरात चरतो. मृगळ तळाला. परदेशातून आलेला सायप्रिनस तर मिशांनी चिखल चाचपतो आणि तोंडाने गाळ उपसतो. तो चरत असला की तळातून बुडबुड्यांची रांग वर येते. म्हणजे कटला हवा तर आमिष तरंगतं ठेवा, मृगळ हवा तर तळाला टेकवा. चारही जाती एकाच कुळातल्या, आणि या कुळाला दोन गोष्टी निसर्गाने वेगळ्या दिल्या आहेत. जबड्यात दात नाहीत, दात घशात आहेत, त्यामुळे मासा आमिष आधी चोखून, उलटंपालटं करून, नको असल्यास थुंकून टाकतो. आणि त्याच्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी आहे, त्यामुळे काठावर आदळलेला पाय त्याला स्पष्ट ऐकू जातो. जुने गळकरी काठावर चपला काढून बसतात, पोरांना दामटतात, डबा आपटू देत नाहीत, ते उगीच नाही.

फ्लोट बघत राहणं हे या खेळाचं मर्म. सगळ्या दिवसातली महत्त्वाची अशी मोजकी मिनिटं असतात आणि ती कधी येतील ते ठाऊक नसतं. चिलापीची पोरं फ्लोटला टकटक मारत राहतात. त्याला भुलून हिसका दिला की गळ रिकामा येतो आणि खाली जमलेले मोठे मासे बिचकतात. रोहू फ्लोटला आधी किंचित थरथरवतो, मग तिरकं ओढत नेतो. मृगळ किंवा सायप्रिनस तळातून आमिष उचलून वर डोकं करतो तेव्हा शिशाचा भार हलका होतो आणि फ्लोट बुडण्याऐवजी उठून आडवा पडतो. हा आडवा पडलेला फ्लोट ज्याला वाचता आला तो गळकरी झाला असं समजावं. मग मनगटाचा एकच हिसका, काठीला बाक, रिळाची किर्रर्र आणि तंगूस पाणी कापत जातो. या घटकेला ताकद कामाची नाही. मासा धावेल तेव्हा धावू द्यायचं, थांबेल तेव्हा दोरी गोळा करायची, जलपर्णीकडे वळला की काठी उलट बाजूला झुकवायची. शेवटी तो दमून कुशीवर होतो, रुंद सोनेरी-करड्या खवल्यांवर ऊन पडतं, आणि सोबती हातजाळी त्याच्या खाली सरकवतो. जाळी माशामागे पळवायची नसते, मासा जाळीवर आणायचा असतो. किती वजनदार मासे या शेवटच्या हातभर पाण्यात सुटले असतील!

स्पर्धेच्या नियमांत आणखी काही बारकावे असतात. शेवटची शिट्टी होण्याआधी गळाला लागलेला मासा नंतर काठावर आणला तर धरायचा की नाही, हे आधी ठरलेलं असावं लागतं. मासा तोंडात लागला पाहिजे. पाठीत, पोटात गळ रुतून ओढला गेलेला मासा अनेक ठिकाणी मोजत नाहीत. कुठे एकूण वजनावर निकाल लावतात, कुठे सर्वांत मोठ्या माशावर. इंग्लंडात पकडलेले मासे पाण्यातच लांब जाळीच्या पिशवीत जिवंत ठेवतात, शेवटी तोलतात आणि सगळे परत सोडतात. तिकडे कार्पच्या, म्हणजे सायप्रिनसच्या, मासेमारीला स्वतंत्र पंथाचं रूप आलं आहे. 1952 च्या सप्टेंबरात रिचर्ड वॉकर नावाच्या गळकऱ्याने रेडमायर या छोट्या तळ्यातून 44 पौंडांचा सायप्रिनस काढला आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दिला. तो तिथे वर्षानुवर्षं लोकांनी पाहिला. त्या माशानंतर तिकडच्या मंडळींना पटलं की मोठा कार्प हा नशिबाचा मासा नाही, अभ्यासाचा मासा आहे.

आपल्याकडच्या कटला-रोहू-मृगळांचा अभ्यास वेगळ्या कारणाने झाला. हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. कोकणातल्या नदीत, पवईत किंवा बारवीत ते आपोआप आलेले नाहीत. शिवाय साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यात चढणारी, वाहती नदी लागते. म्हणून पूर्वी बंगालमधल्या नद्यांतून बीज गोळा करायचं आणि हंड्यांतून, डब्यांतून रेल्वेने देशभर न्यायचं, असा उद्योग चाले. वाटेत किती मरे त्याला गणती नव्हती, आणि त्यात नको त्या जातींचं बीज मिसळलेलं असे ते वेगळंच. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी यांनी कटकला पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली, तेव्हा हे चित्र पालटलं. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली या पायऱ्यांनी जे पिल्लू आज धरणात सुटतं, त्याच्यामागे चौधरींचं ते काम आहे. स्पर्धेत काट्यावर चढणारा प्रत्येक कटला कुणीतरी कधीतरी पिशवीतून आणून सोडलेला असतो. आपण त्याला रानटी समजून पकडतो, पण तो माणसाने सांभाळायला घेतलेला जीव आहे, आणि त्याच्या पाण्याची जबाबदारीही माणसाचीच आहे.

पवईत ती जबाबदारी सोपी राहिलेली नाही. आजूबाजूच्या वस्त्यांचं सांडपाणी, साचत जाणारा गाळ आणि जलपर्णी यांनी तलाव वेढला आहे. 1995 मध्ये तो राष्ट्रीय तलाव संवर्धन योजनेत घेतला गेला, कामं झाली, जलपर्णी काढली, ती पुन्हा आली. तलावाकाठी महापालिकेने सायकल मार्ग बांधायला घेतला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2022 रोजी तो बेकायदा ठरवला. या तलावात मगरी आहेत, त्यांच्या विणीच्या जागा काठावर आहेत. तलावाची अवस्था गळकऱ्यांना कागदावरून कळावी लागत नाही. सांडपाण्याने पाणी हिरवं झालं की दिवसा त्यात प्राणवायू भरपूर असतो आणि पहाटे तळ गाठतो. उजाडताना मासे पृष्ठभागावर तोंड उघडून गटागटा हवा घेताना दिसले, तर त्या दिवशी कितीही सुगंधी पेंड टाका, मासा चरणार नाही. सरकारी नमुना प्रयोगशाळेत पोचायच्या आधी काठावर बसलेल्या माणसाला तलाव आजारी आहे हे समजलेलं असतं.

स्पर्धेचं खरं मोल मला इथेच दिसतं. बक्षीस, चषक, फोटो हे सगळं त्या दिवसापुरतं. पण वीस माणसं, ठरलेले तास, ठरलेल्या जागा, आणि शेवटी प्रत्येक माशाची जात आणि वजन लिहिलेला कागद, अशी मोजणी त्या तलावाची एरवी करतं कोण? हेच दरवर्षी त्याच महिन्यात केलं तर काही वर्षांनी कळतं की रोहूचं सरासरी वजन घटतंय, मृगळ दिसेनासा झालाय, चिलापी वाढलीय. इंग्लंडात ट्रेंट नदीवर हे प्रत्यक्षात झालं. कॉक्स आणि ब्रॉटन या संशोधकांनी 1969 ते 1984 या काळातल्या गळकऱ्यांच्या पकडीच्या नोंदी तपासून त्या नदीतल्या माशांच्या जातींचं प्रमाण कसं बदलत गेलं ते 1986 मध्ये मांडलं. ज्यांनी ते मासे धरले त्यांच्या डोक्यात तेव्हा फक्त स्पर्धा होती. कागद कुणीतरी जपून ठेवले, एवढंच.

आता खरवईच्या बाजूला येऊ. उल्हास नदी राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरातून निघते, कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते आणि पुढे कल्याणजवळून वसईच्या खाडीकडे जाते. सगळी मिळून सुमारे 122 किलोमीटर. कोकणातल्या इतक्या नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात, ही पडत नाही, याचं कारण घाटावर आहे. 1922 पासून टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून ठोकरवाडी धरणाचं पाणी खाली उतरतं आणि उल्हासला मिळतं. पूर्वेकडे भीमेला जायचं ते पाणी पश्चिमेला वळलं. बदलापूरच्या बॅरेजवरून आपण पितो त्यात त्याचा वाटा आहे. त्याच टाटांच्या लोणावळ्याजवळच्या वळवण इथल्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महासीरचं बीज तयार होत आलं आहे, ज्या माशाची दख्खनच्या नद्यांतून शास्त्रीय नोंद कर्नल साइक्सने 1839 मध्ये केली होती.

उल्हासचे स्वतःचे मासे वेगळे. मरळ, वाम, शिंगटी, चिवनी. पहिल्या पावसात ओहोळ वाहू लागले की अंड्यांनी भरलेले मासे शेतातल्या पाण्यापर्यंत चढतात, ती वलगण. गावोगावी लोक वलगणीला हातात पाटी, जाळी, काठी जे मिळेल ते घेऊन धावतात. त्या उत्साहात मीही वाढलो आहे आणि वलगणीच्या कालवणाची चव मला कुणी सांगायला नको. तरी लिहितो, की अंडी घालायला निघालेला मासा वाटेतच उचलला तर पुढच्या वर्षी वर चढायला कोण उरणार? वलगण पूर्वीसारखी राहिली नाही, असं म्हातारी माणसं म्हणतात, आणि ओहोळांवर इमारती उभ्या राहिल्या हे त्याचं मोठं कारण खरंच आहे. पण आपल्या हातातलं कारण आपल्याला सोडता येतं.

वालधुनी नदीचं काय झालं ते अंबरनाथ-उल्हासनगरात कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. रसायनं आणि सांडपाणी घेऊन ती नदी वाहते, तिच्यावर गळ टाकायचा विचारही कुणी करत नाही. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध वनशक्ती ही संस्था राष्ट्रीय हरित लवादात गेली. उल्हासच्या काठावर अजून गळकरी बसतात ही त्या नदीविषयीची सर्वांत आशेची बातमी आहे. ज्या दिवशी ते बसायचे थांबतील त्या दिवशी ती वालधुनीच्या वाटेला लागली असं खुशाल समजावं.

बारवी हे एमआयडीसीचं धरण, 1972 चं, पुढे उंची वाढवलेलं. ठाणे जिल्ह्यातल्या कित्येक शहरांची आणि कारखान्यांची तहान त्यावर भागते. अशा जलाशयात कुठे जाता येतं, कुठे मनाई आहे, मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे, हे आधी विचारून घ्यावं. राज्यातल्या बऱ्याच धरणांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, बीज त्या सोडतात, आणि हौशी माणसाने त्यांच्या पोटावर गळ टाकू नये. पावसाळ्यात कोंडेश्वरला, बारवीला दरवर्षी माणसं बुडतात, मनाईचे हुकूम निघतात. ओल्या शेवाळी खडकावर उभं राहून मासा ओढण्याइतका कुठलाच मासा मोठा नाही. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं तर 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे, आणि तरीही उन्हाळ्यात आटलेल्या डोहांवर असले प्रकार चालतात. काठावर बसणारी माणसं जास्त असतील तिथे ते कमी चालतात.

सोडून देण्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. अंड्यांनी भरलेली मादी, स्थानिक मरळ, वाम, शिंगटी, आणि अपवादाने सापडलाच तर महासीर, हे ओल्या हातांनी, गळ हळूच काढून, डोकं प्रवाहाकडे धरून सोडावं. कोरड्या गोणपाटावर मासा आपटला की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि सोडलेला मासा दोन दिवसांनी बुरशीने मरतो. सोडल्याचं समाधान आपल्याला, मरण त्याला. थाई मांगूर मात्र परत सोडायचा नाही. आफ्रिकेतला हा खादाड मासा पाळायला देशात 2000 सालापासून बंदी आहे आणि तरी तो नाल्यांतून नद्यांत शिरला आहे. परका मासा सोडल्याने काय होतं याचा धडा हिमाचलातल्या गोविंदसागर जलाशयाने दिला आहे. 1971 च्या सुमारास तिथे सिल्व्हर कार्प शिरला आणि काही वर्षांत कटल्याची जागा त्याने घेतली. म्हणून हौसेने मत्स्यालयातला कुठलाही मासा भोजच्या धरणात किंवा उल्हासमध्ये सोडू नका.

खरवई, कुळगाव, मानकिवली, अंबरनाथ, उल्हासनगर इथल्या गळकऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुम्ही आपापसांत पैजा लावताच, रविवारी चारपाच जण मिळून बसताच, मोठा मासा मोबाइलमध्ये टिपताच. त्याला एक वही जोडा. दोनशे पानी, साधी. तारीख, जागा, किती काठ्या, किती तास, पाण्याचा रंग आणि वास, कोणता मासा, किती वजन, सोडला की नेला. काही लागलं नाही तर तेही लिहा, कारण रिकाम्या हाताने परतलेला रविवार हीसुद्धा नदीची नोंद आहे. दिवाळीनंतर पाणी निवळलं की वर्षातून एकदा परवानगी काढून, चिठ्ठ्या टाकून, काटा आणून रीतसर स्पर्धा घ्या, त्यासाठी आधी स्वतःची छोटी संस्था करा, आणि प्रवेशशुल्कातला ठरलेला वाटा मत्स्य विभागाच्या सल्ल्याने बोटुकलीसाठी ठेवा. ती नदीत नको, बंदिस्त तलावात. पाच वर्षांनी ती वही घेऊन नगरपालिकेत गेलात तर तुमच्या बोलण्याला आकडे असतील. वही यंदाच सुरू करा.